सहा नंबरची खाट

नाही, थांबा, खाट सहा नंबरची होती की नऊ नंबरची, इथेच माझं नेहमी अडतं — आणि माझं असं आहे, की एका ठिकाणी अडलं की पुढचंही सगळं मला खोटं वाटायला लागतं, म्हणून तुम्ही तो कागद आधी खिशात ठेवा, सही मी लगेच करणार नाहीये. बसा. त्या खुर्चीवर नको, तिथे इस्त्रीचे कपडे आहेत, आत्ताच आलेत, चुरगळतील. आमच्या इस्त्रीवाल्या बाई फार कडक आहेत, घडी मोडलेली दिसली की मलाच ऐकवतात. स्टुलावर बसा. डॉक्टरांना स्टूल चालतं ना — की त्याचाही अर्ज कराल?

वाचला मी तुमचा अर्ज. दोनदा वाचला. ‘सदर परिचारिका रुग्णांच्या नातेवाइकांसमोर उलट प्रश्न विचारतात, तोंडी आदेश पाळत नाहीत, त्यामुळे वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या प्रतिष्ठेस बाधा पोचते.’ छान आहे, शुद्धलेखनही बरं आहे. पण हे प्रतिष्ठेला बाधा पोचणं तुम्ही कुठून उतरवलंत? विचारतो एवढ्यासाठी, की अगदी हेच शब्द मी लिहिले होते, पंचेचाळीस वर्षांपूर्वी, तुमच्याच दवाखान्यात, आणि मला वाटत होतं प्रतिष्ठा असलेला या गावातला पहिला डॉक्टर मीच. आता तुम्ही दुसरे. तुम्हाला माझी सही हवी, कारण मी दवाखान्याच्या समितीवरचा जुना माणूस, माझी सही पडली की आठवड्यात सिस्टरची बदली. होईल, खात्रीने होईल, म्हणूनच तर तुम्ही उन्हातून चालत आलात, नाहीतर म्हाताऱ्याकडे कोण येतंय. पाणी हवं का? तिथे माठ आहे, घ्या हाताने.

तर मी तेव्हा तुमच्याएवढा, तुमच्यासारखाच ताठ मानेचा — तुमची मान दुखत नाही का हो, एवढी ताठ ठेवून? माझ्या गळ्यात तर सुवर्णपदक, त्यामुळे वाकायची सोयच नव्हती. वीस खाटांचा दवाखाना आणि दिवसपाळीला एक सिस्टर. एक. तुमच्याकडे तीन आहेत आणि तुम्ही ‘मनुष्यबळ अपुरे’ म्हणून रडता. ती सकाळी स्वतः स्टोव्ह पेटवून काचेच्या सिरिंजा उकळायची. ऑक्सिजनच्या नळकांड्यावर पान्याने टकटक करून आवाजावरून सांगायची, अर्धं आहे की संपत आलंय. मी म्हणायचो, ‘सिस्टर, आत कोणी राहतं का?’ आणि मोठ्या रुबाबात काटा बघायचो — काटा दोन वर्षांपासून एकाच जागी अडकलेला, हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं. सलाईनची बाटली खिळ्याला, नातेवाईक खाटेखाली झोपलेले, त्यांना ओलांडत ओलांडत ती औषधं द्यायची, कुणाचा पाय तुडवला नाही कधी. आणि दिवसातून पन्नास वेळा एकच प्रश्न, डॉक्टर कधी येणार. येतील हं, येतील. मी क्वार्टरवर पेपर वाचत असायचो. जेवायच्या अर्ध्या तासात ती धावत घरी जायची, लकवा झालेल्या आईला कुशीवर वळवायला, आणि पळत परत. मग ती जेवायची कधी? विचारलं नाही मी. मी त्या बाईला काय काय विचारलं नाही हे सांगायला बसलो तर तुमची संध्याकाळची ओपीडी बुडेल.

तिचा एक चाळा होता, मी त्याला चाळाच म्हणायचो. रोगी हलवायचे. खाटांचे नंबर भिंतीवर रंगवलेले, म्हणजे नंबर जागचे हलत नाहीत, पण माणसं ही हलवायची. एकाचं ऊन दुसऱ्याला द्यायचं, खोकणाऱ्याला खिडकीशी न्यायचं, ज्या दोघांचं भांडण झालं त्यांच्यामध्ये एक बहिरा माणूस घालायचा. मी सकाळी राउंड घ्यायचो आणि नंबर लक्षात ठेवायचो. चार नंबर पोटाचा, सहा नंबर साखरेचा, अकरा नंबर पाय. नावं लक्षात ठेवायला मी काय शाळामास्तर होतो? दुपारी बघावं तर पोट दहावर आणि पाय खिडकीत. मी चिडायचो. ती म्हणायची, ‘सर, वहीत लिहिलंय.’ वही कोण बघतो.

आणि तो दिवस. आता इथे मी जपून बोलतो, कारण ही गोष्ट मी इतक्या वर्षांत स्वतःला इतक्या वेळा सांगितलीय, की तिच्यात माझ्या सोयीचं किती शिरलंय कुणास ठाऊक. वडील आले होते. पहिल्यांदाच, मुलगा डॉक्टर झालाय तो बघायला, एसटी बदलून बदलून. आम्ही जेवायला बसलो होतो, एक वाजला असेल, आणि मी खिडकीतून मावशींना — तेव्हाच्या दवाखान्यातल्या आयाबाईंना — ओरडून सांगितलं, ‘सिस्टरना म्हणावं, सहा नंबरला इन्सुलिन वीस युनिट द्या.’ ओरडायची गरज नव्हती. वडिलांना ऐकू जावं म्हणून ओरडलो. हे मी आजवर कुणाला बोललो नव्हतो, राहू द्या. पाच मिनिटांत सिस्टर दारात. दोन हातांत दोन केसपेपर. म्हणाली, ‘सर, नाव सांगा.’ मी म्हटलं, ‘सहा नंबर.’ ‘सहावर कोण आहे, सर?’ शांतपणे विचारलं होतं, उद्धटपणे नव्हे — म्हणजे, अर्जात मी उद्धटपणे लिहिलं. वडिलांचा घास हातात थांबला. मी म्हटलं, ‘माझी परीक्षा घेताय का? सहा म्हणजे सहा.’ ती म्हणाली, ‘मग मी नाही देणार,’ आणि गेली. वडील फार भला माणूस, पण त्यांच्या तोंडून निघून गेलं, ‘तिला तुझ्यापेक्षा जास्त कळतं का रे?’ झालं. मी हातसुद्धा नीट धुतले नाहीत. त्या अर्जावर माझी तेलकट बोटं होती, तुमचा निदान स्वच्छ आहे.

दोन आरोप ठेवले मी. एक, आदेश असून इंजेक्शन दिलं नाही. दोन, आदेश नसताना दुसऱ्या रुग्णाला तेच इंजेक्शन दिलं — कारण तिने जाऊन ते नऊ नंबरच्या म्हाताऱ्याला दिलं होतं. मला तर आनंदच झाला, एकात दोन गुन्हे सापडले. चौकशीला साहेब आले, त्यांनी विचारलं, नाकारलंत? ‘हो.’ दुसऱ्याला दिलंत? ‘हो.’ आणखी काही सांगायचंय? म्हणाली, ‘खाटांना नावाच्या पाट्या करून द्या.’ एवढं बोलून उठली, आईला वळवायची वेळ झाली होती. साहेब हसले, मीही हसलो. पंधरा दिवसांत तिची बदली, आठ खाटांचा दवाखाना, डोंगरापलीकडे. आईला ट्रकमध्ये खाटेसकट चढवलं. आई तिथे दोन महिने टिकली म्हणे, मावशी सांगायच्या. मावशी काहीही सांगायच्या, पण हे त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं होतं.

आता तुम्ही सांगा. परवा तुम्ही तुमच्या सिस्टरना काय सांगितलं होतं — नाव की नंबर?

हं. नंबरच. मोबाईलवरून सांगितलंत, म्हणजे प्रगती आहे. मी खिडकीतून ओरडलो होतो.

माझी निवृत्ती जवळ आली तेव्हा ती जुनी इमारत पाडली. रद्दीत वॉर्डच्या वह्या निघाल्या, पाळी बदलताना लिहायच्या त्या. मी त्या तारखेची वही घरी आणली. दोन दिवस उघडली नाही. मला भीती काय होती सांगू? मीच चुकलो असेन याची नाही. माझंच बरोबर निघालं तर मी पुन्हा तसाच होईन, याची. असो, शिकल्यासवरल्या माणसाला काहीही सुचतं. उघडली. तिचं अक्षर: ‘१२.१५. सहाच्या आजोबांच्या डोळ्यांवर ऊन येते, नऊवर हलवले. नऊवरील तापाची मुलगी थंडीने कुडकुडते, उन्हासाठी सहावर. तीन दिवस पोटात अन्न नाही.’ सव्वाबारा. मी ओरडलो एकला. उपाशी मुलीला वीस युनिट, म्हणजे काय ते तुम्हाला कळतं ना, की तेही सिस्टरना विचारावं लागेल?

ही वही चौकशीच्या टेबलावर होती. तिच्या हाताशी. तिने उघडली नाही. मावशी म्हणायच्या, ती म्हणाली होती की गावाला हे कळलं तर उद्या कोणी सुई टोचून घ्यायला येणार नाही. खरं असेल. मला माहीत नाही. तिला मी शोधलं नाही. पत्र लिहिलं, सात वेळा लिहिलं, प्रत्येक वेळी भाषा चांगली झाली आणि माफी कमी झाली, मग टाकायचं राहिलं.

उठा आता. नाही, सही नाही. कागद घेऊन जा, आणि उद्या आधी सुताराकडे जाऊन पाट्या सांगा, मग माझ्याकडे या, किंवा नका येऊ. तुमच्या सिस्टरना माझा नमस्कार सांगा — नको, तुमच्या तोंडून नको, मीच जाईन. आणि निघताना त्या खुर्चीला धक्का लावू नका. ते कपडे ज्या बाई आणतात ना, त्यांना गेल्या वर्षी मी सहज विचारलं, की तरुणपणी कधी दवाखान्यात होता का. म्हणाल्या, हो की, टायफॉइड झाला होता, फार थंडी वाजायची, तर सिस्टरने उचलून उन्हातल्या खाटेवर नेऊन निजवलं होतं. नंबर काही त्यांना आठवत नव्हता. त्या गेल्यावर मी वही काढून पाहिली. त्या पानावरच्या खाटांच्या यादीत नाव त्यांचंच आहे. सहा.