आमच्या घरी जाते नाही

नाव : कमलाकांत धुंडिराज मुळे, वय ५४ वर्षे, धंदा : शिक्षक (मराठी व संस्कृत), राहणार अंबापेठ, अमरावती. दिनांक २५ जून १९६३.

मी आज आपण होऊन ठाण्यावर आलो आहे व खरे तेच सांगतो की, दि. ८ रोजी मी याच ठाण्यात तक्रार दिली होती. माझा मुलगा रविकांत, वय २३, याचा एम.ए.साठीचा वऱ्हाडी ओव्यांवरील प्रबंध त्याचा वर्गमित्र देवमन किसनराव तायडे, मूळ राहणार हिवरखेड, जिल्हा अकोला, याने आमच्या घरातून चोरून स्वतःच्या नावावर दाखल केला, असे मी लिहून दिले. दोन्ही प्रबंध शब्दशः सारखे निघाल्याने विद्यापीठाने दोघांचे निकाल रोखले होते. माझ्या तक्रारीनंतर देवमनला अकोल्याच्या एका महाविद्यालयात मिळालेली नोकरीही थांबली.

ही तक्रार मी प्रबंध न वाचता दिली. बायकांच्या जात्यावरच्या गाण्यांत वाचण्यासारखे काय असणार, असा माझा समज. 'आधी वाचा, मग बोला' हे मी तीस वर्षे मुलांना बजावत आलो आहे. मला लाज वाटते.

काल सकाळी अकरा वाजता कागद ओळखण्यासाठी मला येथे बोलावले. जमादार खुशालराव यांनी रविकांतच्या प्रबंधाचे पान १४ मोठ्याने वाचले : 'दयन दयते बाई, हाताले आले फोड.' ते थांबले, तोच बाहेर ओसरीत बसलेल्या देवमनच्या आई चतुराबाई यांनी कोणी न सांगता पुढची ओळ म्हटली : 'शिकून माहा लेक बोलन गोड गोड.' मग त्या मला म्हणाल्या, "गुरुजी, ह्या ओव्या माह्या आहेत. पोरानं प्रबंधाची वही तुमच्या पोराले वाचाले देली होती. तुमी त्याले चोर काहून म्हणता?"

मी जमादारांकडून तो प्रबंध घेतला. त्या पानाखालची टीप वाचली. 'या ओव्या मी लहानपणी आईच्या मांडीवर डोके ठेवून, जाते चालू असताना ऐकल्या.'

रविकांतची आई तो पाच महिन्यांचा असताना विषमज्वराने वारली. आमच्या घरी जाते नाही. पीठ गिरणीतून येते. मी प्रबंध टेबलावर ठेवून उठलो.

घरी जाऊन मी रविकांतला विचारले, "ही आई कोणाची?" तो जेवत होता. म्हणाला, "बाबा, ती टीप काढायची राहून गेली." आणि त्याने भात वाढून घेतला. त्याच्या आईची तसबीर त्याच खोलीत आहे.

देवमन दोन वर्षे आमच्याकडे अभ्यासाला येत असे. त्याचा पाण्याचा पेला वेगळा ठेवलेला होता. हे मला कोणी विचारलेले नाही. पण तो चोर आहे हे मला एका क्षणात कसे पटले, त्याचे कारण तेच आहे.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, तरी सांगतो. प्रबंध देवमनचा आहे. माझी तक्रार मी मागे घेतो. या जबाबाची नक्कल विद्यापीठाला व अकोल्याच्या महाविद्यालयाला आजच पाठवावी. रविकांतवर जी कारवाई व्हायची ती व्हावी, मी आड येणार नाही.

दि. ८ ची तक्रार मला वाचून दाखवली तेव्हा 'बरोबर आहे' म्हणून मी सही केली होती. हा जबाबही वाचून दाखवला. या वेळी मी कागद हातात घेतला, पहिल्या ओळीपासून स्वतः वाचला, आणि मग सही केली.