देणारीचं कार्ड

(कॉलेजात प्राचार्यांच्या खोलीबाहेरचा बाक. दुपारचे साडेतीन. बाकावर धोंडबा, त्यांची बायको अंजनाबाई आणि वही घेतलेली विद्यार्थिनी प्रणाली.)

धोंडबा : मी सांगतो ते कोणीच खरं मानत नाही, पोरी. तुमची कमिटीबी मानणार नाही. पण तू लिही. सक्करदऱ्याच्या तळ्याले पूर आल्ता, आन् तुमच्या लायब्रीच्या वंदना मॅडम पोहत आल्या. डोक्यावर हिची साडी. एक धागा ओला नाही.

प्रणाली : आबाजी, तळ्याला पूर येत नाही. आणि मॅडमना पोहता येत नाही.

धोंडबा : येत नव्हतं. त्या दिवशी आलं.

अंजनाबाई : नीट बसा. बाक हलून राहिला.

प्रणाली : आबाजी, ऐका ना. चार वाजता आत बैठक आहे. तुमच्या मुलानं, संजीवकाकांनी अर्ज दिलाय, की कॉलेजच्या लायब्ररीनं माझ्या आईची साडी ऑगस्टात नेली, फेब्रुवारी उजाडला तरी परत नाही. साडी मिळाली असं तुमच्यापैकी कोणी सांगितलं नाही, तर मॅडमचं शनिवारी तुमच्या बस्तीत येणं बंद. म्हणतात, ग्रंथपालानं पुस्तकं द्यावी, बस्तीत काय काम. मी आमच्या वर्गाची प्रतिनिधी. तुमचं म्हणणं लिहून मला आत द्यायचंय. त्यात तळं नाही चालणार.

धोंडबा : तं काय चालते?

प्रणाली : झालं ते. पहिल्यापासून.

धोंडबा : पहिल्यापासून म्हणजे तुम्ही पोट्टेपोट्टी फारम घेऊन आल्ते तेव्हापासून. एकशे बारा सवाल. घरात माणसं किती, पंखे किती, माग किती. आमच्या विणकरांच्या बस्तीत दरसाली एक कॉलेज येते. सवाल विचारते, फोटो काढते, जाते. मागं वळून कोणी पाहत नाही. म्हून तुमचे फारम आम्ही गाईले टाकले. तीन दिवस खाल्ले बिचारीनं. चौथ्या दिवशी दुधाच्या जागी शाई देल्ली.

प्रणाली : निळी का काळी?

धोंडबा : निळी. पाय, पटून राहिलं तुले.

प्रणाली : पटत नाही. पण फॉर्म कोणी भरला नाही, हे खरं. तुमच्या घरचा मी भरला, कॅन्टीनमध्ये बसून.

अंजनाबाई : आमच्या घरचा?

प्रणाली : हो आजी. दोन माग चालू, असं लिहिलं. मॅडमनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, त्या गल्लीत आता एकच माग चालतो, तोही देवरावांकडे. प्रणाली, तू तिथं गेलीच नाहीस. रागावल्यासुद्धा नाहीत. पुढच्या शनिवारी स्वतः सोबत निघाल्या.

धोंडबा : हाव, आल्या. आम्हाले वाटलं, लायब्रीच्या बाई आहेत, पुस्तकं वाटतीन आन् फोटो काढतीन. तं हात रिकामे. हिच्यासमोर भुईवर बसल्या. म्हणे, मी द्यायले नाही आली, मागायले आली, आमच्या पोरींले तुमच्या कामातून शिकायचं आहे. आन् पर्समधून एक कोरं कार्ड काढलं. त्याच्यावर लिहिलं, देणारी अंजनाबाई. घेणारं कॉलेजचं ग्रंथालय. जिन्नस, करवती काठाची साडी एक. परतीची तारीख वीस सप्टेंबर. वरून ठप्पा मारला. ठप्प्याचा आवाज असा, की तिकडं महालच्या बाजारात दुकानांच्या काचा हालल्या.

प्रणाली : काचा सोडते.

धोंडबा : सोड. पण पुढचं लिही. म्हणे, आजपासून लायब्री तुमची आन् मेंबर आम्ही. हे कार्ड तुमच्यापाशी राहीन. पोरी, आमच्या बस्तीनं आजवर किती कागदांवर अंगठे देल्ले, सह्या देल्ल्या. कागद आमच्या हातात ठेवून कोणी गेलं नव्हतं. देवरावची म्हैस तं उठून उभी राहिली.

प्रणाली : म्हैसही सोडते.

धोंडबा : मग साऱ्यांनी काढलं जे होतं ते. देवरावनं आपल्या बापाचा मागावरचा धोटा देल्ला. शेजारच्या सुभद्रानं नक्षीची वही देल्ली, जी ती सख्ख्या जावेले दाखवत नव्हती. मी माझ्या गोष्टी देल्ल्या.

अंजनाबाई : त्या मॅडमनी दुसऱ्याच दिवशी परत केल्या.

धोंडबा : त्या वजनाले जड होत्या, म्हून.

प्रणाली : आजी, शनिवारचं सांगा ना तुम्ही. मी लिहिते.

अंजनाबाई : मी काय सांगू बाई. हे बोलून राहिले ना.

धोंडबा : ते मी सांगतो. दर शनिवारी या पोरी यायच्या आन् आठवडाभरात आमच्याबद्दल जे लिहिलं ते आमच्याचसमोर वाचायच्या. मॅडमचा हुकूम. जे घेतलं ते वाचून दाखवायचं, आन् चूक निघाली तं तिथंच खोडायचं. एका शनिवारी एवढ्या चुका निघाल्या का खोडरबराचा चुरा दोन पोते भरला.

प्रणाली : अर्धी मूठ. त्यातला बराचसा आमच्या वर्गातल्या मयुराचा. तिनं लिहिलं होतं, काठावरचे करवतीसारखे दात विणलेले नाहीत, छापलेले आहेत. आजींनी तिला देवरावांच्या मागावर तीन तास बसवलं.

अंजनाबाई : दोन दात निघाले तिच्यानं. वाकडे. पण निघाले.

धोंडबा : आन् मॅडमबी चुकल्या एकदा. सुभद्राच्या नक्षीले भलतंच नाव लिहिलं होतं. सगळ्यांपुढं उभ्या राहून आपल्या हातानं खोडलं, सुभद्राले म्हणे, तुम्ही सांगा, मी लिहितो. एवढी शिकलेली बाई. माझा तं जीवच बसला तिच्यावर.

अंजनाबाई : सांभाळून बोला. पोरगी लिहून राहिली.

प्रणाली : आता साडीचं. रजिस्टरमध्ये नेल्याची नोंद आहे, परतीची नाही. प्राचार्यांनी मॅडमना तीनदा विचारलं, साडी कुठं आहे. मॅडमचं एकच उत्तर. तिचं कार्ड देणारीपाशी आहे, तिलाच विचारा. वर म्हणाल्या, पंचवीस वर्षं झाली मला इथं, कोणत्या वाचकानं कोणतं पुस्तक नेलं, किती दिवस ठेवलं, हे मी त्याच्या बापालाही सांगितलं नाही. देणाऱ्यालाही तोच नियम. प्राचार्यांना वाटतं, लपवून राहिल्या. वर्गातल्यांनाही वाटायला लागलंय.

धोंडबा : तुले?

प्रणाली : मला नाही वाटत. पण मला वाटून काय होते.

धोंडबा : म्हून तं मी आलो. लिही. वीस सप्टेंबरले सांजच्यापारी साडी घरी आली. तळं राहू दे, ऑटोनं आली. घडी मोडलेली नव्हती. मी या हातानं पेटीत ठेवली, कापूर टाकला, कुलूप लावलं.

प्रणाली : मग संजीवकाकांनी पेटी उघडली तेव्हा का नाही दिसली?

धोंडबा : तो रामदासपेठेत दवाखान्यात दिवसभर एक्सरे काढते. त्याले हाडं दिसते. साडी काय दिसन?

प्रणाली : आबाजी, यावर तुम्हाला सही करावी लागेल. आत ते वाचून दाखवतील.

धोंडबा : आण पेन. आन् एक गोष्ट लिहू नको, नुसती ऐक. हरवली असन ती साडी. एवढ्या घरचं सामान नेलं, सारं तारखेवर परत आलं, एखादा जिन्नस जाते हातून. लाजेपायी बोलत नसन बाई. पण तिच्यापायी आमच्या गल्लीतल्या बाया चार लोकांत बोलाले शिकल्या. एका साडीपायी तिचं येणं मी बंद होऊ देत नाही. कुठं करू सही?

अंजनाबाई : पेन ठेवा खाली. खोटं आहे ते. साडी घरी आली नाही. तळ्यातून नाही, ऑटोनं नाही.

प्रणाली : म्हणजे खरंच हरवली, आजी?

अंजनाबाई : मॅडम तारखेले घेऊन आल्त्या. पायीपायी. हे चौकात गप्पा हाणून राहिले होते. मीच घेतली नाही. कार्डावर तारीख वाढवून देल्ली. हे पाय कार्ड, पिशवीतच ठेवतो मी. पाच वेळा वाढवली. दर खेपी त्या साडी घेऊन येते, न्या म्हणते, आन् मी सही करतो.

प्रणाली : पाचही सह्या तुमच्या.

धोंडबा : मले काहून नाही सांगतलं वं?

अंजनाबाई : तुमच्या पोटात राहिलं असतं? संजूच्या कानावर गेलं असतं तं त्यानं त्याच दिवशी आणून पेटीत कोंबली असती. मॅडमले म्हटलं, कोणाले सांगू नका. त्याईनं नाही सांगतलं. शनिवार बंद व्हायची पाळी आली तरी नाही सांगतलं. मले आज इथं बसून समजलं, गोष्ट एवढी वाढली ते.

प्रणाली : पण आजी, वाढवली कशासाठी?

अंजनाबाई : माझ्या बापानं विणली, काठ मी भरला. लग्नात नेसली एकडाव. मग पंचेचाळीस साल पेटीत. घरात कोणी म्हटलं नाही, दाखव पाहू. तिथं ती मॅडमच्या खोलीत टेबलावर पसरून राहते, कोणाची ते न सांगता. शनिवारी एखादी पोरगी येते, म्हणते, आजी, मॅडमपाशी एक साडी आहे, तिच्या काठाचा सातवा दात दुसऱ्या हाताचा वाटते. खरंच आहे. त्या दिवशी मले ताप होता, माझ्या बहिणीनं भरला होता तो. कोणाले दिसला नाही आजवर. चला, उठा. मी सांगतो आत.

धोंडबा : पाय पोरी, हे सारं मले पहिल्यापासून मालूम होतं. मीच म्हटलं होतं हिले, राहू दे साडी तिथं.

प्रणाली : खोटं आहे, आबाजी. मालूम असतं तर आता डोळे काहून पुसले असते.