बदलीच्या पेट्या

जयपूरच्या बँकेत टोकन घेऊन बसलेल्या कीर्तीच्या कानावर मराठी पडलं, तशी तिने हातातला मोबाइल पर्समध्ये ठेवला. मागच्या बाकावर रेल्वेतले एक गृहस्थ आणि त्यांची बायको गृहकर्जाचा फॉर्म घेऊन बसली होती.

"इंदू, फॉर्म आज नको देऊ. जगतपुऱ्यात अर्धे फ्लॅट रिकामे पडलेत. दिवाळीपर्यंत बिल्डर आणखी खाली येईल."

"मार्चमध्ये तुम्ही रिटायर. क्वार्टर सोडल्यावर राहायचं कुठं?"

"भाड्यानं राहू. मंदी आहे, संकल्पच्या कंपनीत माणसं कमी करतायत. उद्या पोराची नोकरी गेली तर हप्ता कोण भरेल?"

"अन् भाडं कोण भरेल?"

"भाड्याचं घर सोडता तरी येतं."

"सोडतच आलो न आपण. रतलाम, कोटा, फुलेरा, अन् आता इथं."

"म्हणूनच म्हणतो, आपल्याला सवय आहे. बदलीच्या लाकडी पेट्या आहेतच, एका दिवसात सामान भरून होतं."

"पेट्या नाहीत आता."

"नाहीत म्हणजे?"

"तुम्ही ड्युटीवर होता तेव्हा सुताराला बोलावलं. त्याच फळ्यांची भांड्यांसाठी मांडणी करून घेतली."

"आपल्या स्वयंपाकघरात एवढी जागा कुठाय?"

"क्वार्टरसाठी नाही. त्या फ्लॅटच्या भिंतीच्या मापाची. तुम्ही बिल्डरशी घासाघीस करत होता न, तेव्हा मी वितीनं मोजली होती."

कीर्तीचा नंबर पुकारला गेला. ती जागची हलली नाही.

"किती भरली?" मागून गृहस्थांनी विचारलं.

"अकरा विती अन् चार बोटं."