देवीपुढचं इंजेक्शन

नाकाच्या दुखण्याला पोटात सुई टोचतात, म्हटलं की तुमी हसणार. हसा. माझ्या नाकात मांसाचे कोंब वाढतात. दोनदा ऑपरेशन करून काढले, परत आले. वास नाही, चव नाही. शेवटी डॉक्टरांनी हे नवीन इंजेक्शन लिहून दिलं आणि बजावलं, फ्रिजमध्येच ठेवायचं. नांदेडहून पूर्णेपर्यंत रेल्वेत बर्फाचा डबा मांडीवर धरून आणलं.

घरी महालक्ष्म्या बसलेल्या. दुसऱ्या दिवशी फ्रिज उघडला तर इंजेक्शन गायब.

"आई, माझं इंजेक्शन कुठंय?"

"नैवेद्याचं दूध अन् सुई एका जागी? सोवळ्यात चालतं का रे? देवीपुढं ठेवलंय."

जाऊन पाहतो तर पेटत्या समईला खेटून ठेवलेलं. हाताला चांगलंच गरम लागलं. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "आता टोचू नका, फेकून द्या."

आईला सांगितलं तर म्हणते, "देवीपुढची वस्तू खराब कशी होईल?"

सणाच्या दिवशी काय भांडायचं? गप जेवायला बसलो. पुरणपोळी, सोळा भाज्या, आंबील, मला सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं.

आईनं विचारलं, "आंबील कशी झालीय?"

इतकी वर्षं देतोय तेच उत्तर दिलं, "लय छान."

तिनं माझ्या पानात आणखी एक वाटी ठेवली आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बघा, चव कळायलीय की याला! उगंच सुया टोचून घ्यायलाय."