बाईंनी संमती दिली आहे

...नाही, पण तुम्हीच सांगा, गेलेल्या माणसानं संमती दिली तर ती धरायची की नाही? कारण स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत स्वच्छ लिहिलं होतं, 'सह-अर्जदारांनी संमती दिली आहे', आणि सह-अर्जदार म्हणजे आमच्या बाई, आणि बाईंना जाऊन वर्ष होत आलेलं, आणि शेवटी हॉस्पिटलात त्यांच्या उशाशी मीच बसलेली, म्हणजे माझी काही ऐकीव माहिती नव्हती.

थांबा, पहिल्यापासून सांगते. मी विद्यापीठात जीवशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात गोगलगायी सांभाळते. हसू नका. कोरडे दिवस आले की गोगलगाय शंखाचं तोंड आतून पापुद्र्यानं बंद करते आणि पडून राहते, महिनोन् महिने, हृदय इतकं सावकाश की ती आहे की गेली हे बाहेरून कळत नाही, आणि मग कधीतरी पाण्याचे चार थेंब पडतात आणि ती उठून चालायला लागते, मधे काही झालंच नाही अशी. ते हृदय पुन्हा वेग कसा धरतं, हे बाईंचं जन्मभराचं काम. मी आधी त्यांची विद्यार्थिनी, मग मदतनीस, मग शेजारच्या टेबलावरची प्राध्यापक. आणि या सगळ्या वर्षांत मी लिहिलेलं काहीही त्यांच्या हातात पडलं की समासात एकच शेरा यायचा: 'वाक्य लांब आहे. श्वास घे.' माझ्या प्रबंधाच्या पानोपानी तो आहे. एकदा मी त्यांच्याकडे रजेचा अर्ज दिला, रजा मंजूर झाली, पण खाली लिहिलेलं होतंच, वाक्य लांब आहे, श्वास घे. आता तुम्ही ऐकताय ना मी कशी बोलते? तशीच लिहिते. त्याला मी काय करू?

तर संशोधनाच्या अनुदानाचा अर्ज. ज्यानं तो भरला नाही त्याला मी काय सांगणार... त्यात एक रकाना आहे, 'आपल्या संशोधनात कोणत्या अनपेक्षित घटना घडू शकतात, त्यांची यादी द्या.' अहो, यादी देता आली तर त्या अनपेक्षित कशा? बाई आणि मी मागच्या वर्षी त्याच रकान्यावर हसत बसलो होतो, आणि अर्ज अर्धा झाला असताना बाई आजारी पडल्या आणि गेल्या. अर्ज तसाच राहिला. आणि यंदा वरून कळलं की अनुदान आलं नाही तर गोगलगायींची खोली संगणकांना देणार, म्हणजे बाईंचं सगळं काम खोक्यांत भरून जिन्याखाली. मग मी जुना अर्ज उघडला, त्याची प्रत काढली, तारीख बदलली. सगळेच असं करतात. माझ्या लक्षात एवढंच आलं नाही की प्रतीबरोबर बाईंचं नावही पुढे आलंय आणि यंत्रानं त्यांना आपणहून मेल पाठवलंय, 'आपली संमती आहे का?'

आणि दुसऱ्या दिवशी हिरवी अक्षरं.

नवरा म्हणाला, 'यंत्र आहे, चुकतं.' म्हटलं, असेल. मी संशोधन कार्यालयात गेले. तिथे अर्जांचं ते ऑनलाइन पोर्टल सांभाळणारे एक गृहस्थ आहेत, आम्ही त्यांना पोर्टलसाहेब म्हणतो, आवाज असा की कायम लिफ्टमधून बोलतायत. त्यांना म्हटलं, हे नाव काढायचंय. 'हो मॅडम, काढा ना, फक्त कारण निवडा.' कारणं होती निवृत्ती, बदली, मतभेद, आणि कामात रस उरला नाही. मी म्हटलं, त्या वारल्या. साहेबांनी यादी वर-खाली केली, मला वाटलं आता शरमतील, तर म्हणाले, 'तो पर्याय नाहीये मॅडम. जवळात जवळचं निवडा.'

जवळात जवळचं! आता बाईंशी माझे मतभेद? शेवटचं निवडलं, कामात रस उरला नाही, आणि मनात म्हटलं, बाई, माफ करा. आणि दुपारी उत्तर आलं. बाईंच्या नावानं. 'कारण मान्य नाही. मला या कामात रस आहे.'

तुम्हाला सांगते, मी खोलीचं दार उघडून कॉरिडॉरमध्ये जाऊन उभी राहिले. भर दुपार, मुलं येतायत-जातायत, कुणी फोटोकॉपीच्या मशीनला लाथ घालतंय, आणि मला आत जायची हिंमत नाही, कारण आत बाईंची खुर्ची आहे आणि खुर्चीच्या पाठीवर त्यांचं राखाडी स्वेटर आहे, ते अजून कुणी उचललेलं नाही, आणि मला वाटलं आता जर का त्या स्वेटरची बाही हलली तर मी गोगलगायी, अनुदान, नोकरी सगळं सोडून माहेरी जाईन.

पण अर्ज तर पुरा करायचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बसले. आमचा मसुदा पोर्टलवरच दोघींना एकाच वेळी उघडता येईल असा ठेवलेला होता, म्हणजे मी लिहिते ते त्यांना दिसायचं, त्या खोडतात ते मला. मी महत्त्वाच्या परिच्छेदात अडकलेली, वाक्य काही संपेना, आणि बघते तर माझ्या वाक्याच्या शेवटी दुसरी एक उभी रेघ लुकलुकतेय. जांभळी. तिच्या डोक्यावर बाईंचं नाव.

मी हात कीबोर्डवरून उचलले. ती रेघ हळूहळू मागे मागे गेली, प्रत्येक शब्दापाशी थांबत, वाचत असल्यासारखी. आणि मग समासात एक एक अक्षर उमटायला लागलं. वा. क्य. लां. ब...

श्वास घे म्हणे. कुठला श्वास? तो केव्हाच अडकला होता. आणि खरं सांगू का? भीती होती, पण भीतीच्या खाली मला काय वाटलं, तर बरं वाटलं. वर्षभर कुणी माझं वाक्य कापलं नव्हतं हो. सगळे म्हणायचे, छान लिहिलंय. मी मुकाट्यानं वाक्याचे दोन तुकडे केले. रेघ पुढे सरकली. मी पुढचं कापलं. अख्खी सकाळ आम्ही दोघी तशा बसलो, इकडे मी आणि तिकडे... ती रेघ. मी विचारलंसुद्धा नाही कोण आहे म्हणून. विचारलं आणि गेली तर?

आणि मग ती 'सुप्तावस्था' या शब्दापाशी आली, तो खोडला, आणि तिथे लिहिलं, 'झोप'.

इथे मी थंड पडले. कारण बाईंनी उभा जन्म याच्यावर भांडण केलं होतं की ही झोप नव्हे. झोप म्हणणाऱ्याला त्यांनी परिषदेतून बाहेर पाठवलं होतं. बाई भूत होऊन आल्या तरी झोप लिहिणार नाहीत. म्हणजे या बाई नव्हेत. हे कळल्यावर माणसाला हायसं वाटायला पाहिजे की नाही? मला रडू आलं. तशीच उठले आणि बाईंच्या घरी गेले.

बाईंच्या यजमानांना मी काका म्हणते. आयुष्यभर चष्म्यांचं दुकान चालवलं त्यांनी, गोगलगायीला आणि आम्हाला दोघांनाही चार हात लांब ठेवलं. दार उघडं होतं. जेवणाच्या टेबलावर बाईंचा संगणक, त्याच्यासमोर काका, दोन चष्मे, एक डोळ्यांवर, एक कपाळावर.

'ये,' म्हणाले, 'तू मधेच कुठे गेलीस? मी तिसऱ्या पानावर थांबलोय.'

मी म्हटलं, 'काका, तुम्ही?'

'मग काय झालं? रोज सकाळी तिची मेलं बघतो. लोक लिहितात तिला. उत्तर नाही दिलं तर लिहायचं थांबतील.'

'आणि काय काय उत्तरं दिलीत?'

'जे विचारतील ते. परिषदेला येणार का, नाही म्हणून कळवलं, तब्येत बरी नाही. कुणी कुणाचे शोधनिबंध पाठवतं, छापायचे का विचारतं. तेही बघितले.'

'मग?'

'दोन नाकारले.'

'का?'

'लांब होते.'

मी खुर्चीत बसले. माझा एक निबंध त्याच महिन्यात परत आला होता, कारण न देता, लेखकाचं नावही कळत नाही अशा गुप्त तपासणीतून. मी विचारलं, 'काका, त्यातला एक गोगलगायींवर होता का?' काका खिडकीबाहेर बघायला लागले.

आता रागवायचं तरी कसं? मी म्हटलं, काका, तुम्हाला यातलं काही कळत नाही ना हो. ते म्हणाले, 'नाही कळत. ती संध्याकाळी तुझं लिहिलेलं मोठ्यानं वाचायची. मी इस्त्री करत असायचो. मधेच थांबायची आणि म्हणायची, श्वास घे. तू इथे कुठे असायचीस? मग मीच घ्यायचो.'

टेबलावर दोन कप होते. एक भरलेला.

मग मी सांगितलं. हळू, लहान लहान वाक्यांत सांगितलं. की हे असं करता येत नाही, की कुणाला कळलं तर अर्ज बाद, खोली गेली, बाईंचं काम जिन्याखाली, आणि लोक म्हणतील बाईंच्या नावावर खोटं केलं. काकांनी ऐकून घेतलं. म्हणाले, 'म्हणजे तिला काढायचं.'

'नाव काढायचं, काका.'

'तू काढू नकोस. मी काढतो.'

त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, डोळ्यांवरचा कपाळावर ढकलला, आणि यादी वाचायला लागले, बोट स्क्रीनवर ठेवून. निवृत्ती. म्हणाले, नाही, ती निवृत्त झालीच नव्हती. मतभेद. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. रस उरला नाही, त्याला तर आधीच नकार दिलेला. राहिलं काय? बदली. काका त्या शब्दावर बराच वेळ बोट ठेवून बसले. म्हणाले, 'हे चालेल. हे खरं वाटतं.' आणि दाबलं.

स्क्रीनवर आलं, 'धन्यवाद.' आणि माझ्या मसुद्यातून ती जांभळी रेघ गेली. मी फोनवर बघत होते ना, माझ्या डोळ्यांसमोर गेली. खोलीत कुणीतरी दिवा मालवावा तसं झालं. आम्ही दोघंही त्या जागेकडे बघत राहिलो, जिथे आता नुसतं माझं वाक्य होतं, आणि ते लांब होतं.

अर्ज मी वेळेत पाठवला. सामान्य वाचकानं सारांश वाचल्याची सही लागते, तिथे काकांचं नाव घातलं. 'झोप' होती ती पुन्हा सुप्तावस्था केली, काका कुरकुरले, पण मानलं. आणि मग वाट बघणं. त्या दिवसांत मी मसुदा उगीचच उघडून बसायची. काही लुकलुकतंय का, म्हणून.

परवा उत्तर आलं. विज्ञान उत्तम, भाषा सुबोध, अनुदान मंजूर करण्यास समिती अनुकूल, फक्त एक बारीकशी पूर्तता: 'मूळ सह-अर्जदार बदली होऊन ज्या संस्थेत रुजू झाल्या आहेत, त्या संस्थेचं ना-हरकत पत्र जोडावं.'

मी पोर्टलसाहेबांना फोन केला. लिफ्टमधून आवाज आला, 'सोपं आहे मॅडम, मागवून घ्या.' मग काकांना फोन केला, वाचून दाखवलं. तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि काका म्हणाले, 'थांब, तिचं मेल उघडतो. तिकडून काही आलंय का बघतो.'

मी त्यांना समजवायला तोंड उघडलं, अगदी शहाण्यासारखं, आणि माझ्या तोंडून निघालं, 'काका, स्पॅममध्येही बघा.'