नितेशच्या उठाबशा

पोरगा परदेशात फुटबॉल खेळतो म्हणजे आमची मजाच आहे, असं तुम्ही म्हणता. मग परवाचं ऐका.

नितेश पुढे खेळतो, गोल मारायचं काम त्याचं. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पुन्हा दुखावला तर खेळ संपला, असं डॉक्टरने तेव्हाच बजावलंय. परवा संध्याकाळी घाटकोपरला घरी आम्ही दोघं मोबाईलवर त्याची मॅच बघत होतो. त्याची टीम एका गोलने पुढे, पाच मिनिटं उरलेली. कुणाचा तरी धक्का लागला आणि नितेश तोच गुडघा धरून पडला. उठेचना. स्ट्रेचर आलं.

ही म्हणाली, "अहो, फोन लावा त्याला."

"मैदानात फोन घेऊन खेळतात काय?" म्हणालो, पण लावला. अकरा वेळा लावला.

तासाभराने त्याचाच व्हिडिओ कॉल आला. हसत होता.

"बाबा, काही नाही झालं. वेळ काढायला पडलो होतो. सगळेच करतात."

"आई समोर आहे म्हणून खोटं बोलतोस."

"नाही ओ बाबा, शप्पथ."

"मग मोबाईल भिंतीला टेकव आणि दहा उठाबशा काढ."

"इथे? सगळे बघतायत ना."

"काढ."

काढल्या. मागे त्याच्या टीमची पोरं टाळ्या वाजवत होती. मी गुडघ्यावरून नजर हलवली नाही. दहावी झाली तेव्हा ही डोळे पुसून चहा ठेवायला उठली.

"पटलं आता?"

"पटलं. आता कान धर आणि आणखी दहा काढ. खोटं पडल्याबद्दल."