झाडाला विचारलं का?

सकाळी साडेसहाची वेळ. हवाई बेटांवरचा एक किनारा. एकाच लाटेवर दोन फळ्या एकमेकींवर आदळल्या — आणि लाकडाची होती, ती मधोमध मोडली!

मंडळी, ऐका. मला एवढंच सांगा — समोर आलेली वस्तू घ्यायची, तर आधी कुणाला विचारावं लागतं का? लाट काय कुणाच्या बापाची आहे? — शलाका असंच म्हणायची!

शलाका केळुसकर. आपल्या मालवणकडची पोर. फळीवर उभं राहून लाटेवर स्वार व्हायचं, सर्फिंग म्हणतात त्याला — त्यात बक्षिसं मिळवलेली! त्या किनाऱ्यावरची रीत अशी, की लाटेवर जो आधी उठला, लाट त्याची. बाकीच्यांनी थांबायचं. हिला थांबणं माहीतच नाही! घुसली मध्ये. लाटेवर होते कावीका अंकल. — हसू नका, तिथेही वडीलधाऱ्यांना अंकलच म्हणतात! सत्तरी उलटलेली, आजारानं पोखरलेले. मोडली ती त्यांच्या वडिलांनी घडवलेली फळी. लाकडाच्या फळीवर मोठ्या लाटांचा आणखी एक मोसम बघावा, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

शलाका रडली. "अंकल, दुकानातली सगळ्यात भारी फळी आणून देते!"

"प्लॅस्टिकची? तिच्यावर तूच बस. माझी लाकडाची घडव. शिकवतो मी."

आता तिकडची जुनी रीत ऐका! फळीसाठी झाड तोडायचं, तर आधी मुळाशी लाल मासा ठेवायचा. बसायचं. विचारायचं — तुला नेऊ का? होकार आल्याशिवाय कुऱ्हाड उचलायची नाही. अंकलना डोंगर चढवेना. शलाका एकटीच गेली.

बसली. विचारलं. पान हललं नाही! कुऱ्हाड हातात. बघायला कुणी नाही. खाली म्हातारा खंगतोय. मंडळी, तुम्ही काय केलं असतं? — खरं सांगा, देवळात बसलाय!

ती रिकाम्या हातांनी खाली आली.

"काय म्हणालं झाड?"

"काहीच नाही, अंकल."

"मग?"

"कुऱ्हाड तिथेच ठेवली." तिला मान वर करवेना. "तोडून आणून, हो म्हणालं, असं सांगणार होते. तुमच्याकडे वेळ नाही म्हणून..."

अंकल खोकत खोकत हसले. "माझा बापही असाच तोंड पाडून आला होता. आई म्हणाली, मासा शिळा नेला असशील! — उद्या परत जा."

मंडळी, आपण नारळी पुनवेला दर्यात नारळ सोडतो. सोडताना विचारतो का कुणी — बाबा, येऊ का? आणि विचारलं, तरी उत्तरासाठी थांबतो कोण? पाठ फिरवली की होड्या ढकलायला मोकळे! वाळू उपसायला मोकळे! देवराईतलं झाड पाडताना तर नारळही नाही!

कालच खबर आली. तिकडे मोठ्या लाटा सुरू झाल्या. अंकल अंथरुणाला खिळलेत, खिडकीतून दर्या बघतात. शलाका रोज ताजा मासा घेऊन डोंगर चढते. कुऱ्हाड अजून मुळाशीच आहे.